डॉज सिटीचा मार्शल आणि एक गोचीड

अमेरिकेत पीएच.डी.साठी आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी तळघरातल्या खोलीत भाड्याने राहत होतो. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटायची नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणायचो. तर हे आजोबा रोज दुपारी, जुन्या मालिका दाखवणाऱ्या एका चॅनेलवर 'गनस्मोक' बघत बसायचे. मी लॅबमधून लवकर परतलो की मलाही शेजारच्या खुर्चीत बसवायचे. चहा माझा, मालिका त्यांची.

'गनस्मोक' म्हणजे काय हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला हवं. कॅन्सस राज्यातलं डॉज सिटी हे गाव, काळ १८७० च्या दशकातला. मॅट डिलन नावाचा सरकारी मार्शल तिथे कायदा सांभाळतो. त्याच्या जोडीला डॉक अॅडम्स हा चिडका पण मायाळू डॉक्टर, लाँग ब्रँच सलूनची मालकीण मिस किटी, आणि एक पाय ताठ ठेवून लंगडत चालणारा चेस्टर. हे आधी रेडिओवर आलं, १९५२ मध्ये. नॉर्मन मॅकडॉनेल आणि जॉन मेस्टन या दोघांच्या डोक्यातून निघालेली ही श्रुतिका पोरांसाठी नव्हती, मोठ्यांसाठी होती. १० सप्टेंबर १९५५ ला ती टीव्हीवर आली आणि ३१ मार्च १९७५ पर्यंत चालली. वीस सीझन, ६३५ भाग! १९६७ मध्ये सीबीएसने ती बंद करायचं ठरवलंच होतं, पण कंपनीचे सर्वेसर्वा विल्यम पेली यांना ती आवडायची, म्हणून ती वाचली आणि तिच्याऐवजी दुसऱ्या एका लोकप्रिय मालिकेचा बळी गेला. ६३५ भागांचा तिचा विक्रम पुढे २०१८ मध्ये 'द सिम्प्सन्स' या कार्टूनने मोडला.

रेडिओवर डिलनचा आवाज होता विल्यम कॉनरॅडचा. पण कॉनरॅड अंगाने चांगलाच भरलेला, त्यामुळे टीव्हीसाठी जेम्स आर्नेस आला. उंची सहा फूट सात इंच, म्हणजे जवळजवळ दोन मीटर. गंमत बघा, लंगडण्याचा अभिनय करणारा चेस्टर, म्हणजे डेनिस वीव्हर, हा खरा धडधाकट खेळाडू होता. आणि ताठ मानेने चालणाऱ्या आर्नेसच्या उजव्या पायात १९४४ साली इटलीत आन्झिओच्या लढाईत गोळ्या लागल्या होत्या. तो पाय त्याला जन्मभर छळत राहिला.

सुरुवातीला रस्त्यात समोरासमोर दोघे उभे राहतात, दोन बंदुका झडतात, एक जण पडतो. पडणारा अर्थातच डिलन नसतो. आजोबा लहान असताना शनिवारी रात्री दहाला ही मालिका लागायची आणि ती बघायला मिळावी म्हणून ते आठवडाभर शहाण्यासारखे वागायचे म्हणे. पण हेच आजोबा पुढे पस्तीस वर्षं काउंटी कोर्टात कारकून होते. त्यामुळे बघता बघता त्यांची एक तक्रार ठरलेली असायची: "मेलेल्या माणसाचे कागद कोण भरणार? हा डिलन मला कधी फॉर्म भरताना दिसत नाही!"

मी तेव्हा हसून सोडून दिलं. पण संशोधनाची सवय वाईट, एकदा किडा डोक्यात शिरला की निघत नाही. खरं डॉज सिटी कसं होतं? खरोखर इतके मुडदे पडायचे का? आणि तिथे कायदा आणला तो कोणी? लायब्ररीत वाचत गेलो, आणि शेवटी एका उन्हाळ्यात गाडी काढून डॉजला जाऊनही आलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

डॉज सिटीचा जन्मच मुळी दारूतून झाला. अर्कान्सा नदीच्या काठी १८६५ मध्ये लष्कराने फोर्ट डॉज ही छावणी बसवली. छावणीपासून पाच मैलांच्या आत दारू विकायला बंदी होती. म्हणून १८७२ च्या जूनमध्ये जॉर्ज हूव्हर नावाच्या गृहस्थाने बरोबर पाच मैल मोजले आणि तिथे तंबू ठोकून व्हिस्की विकायला सुरुवात केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सँटा फे रेल्वे तिथे पोचली आणि तंबूचं गाव झालं. पहिला धंदा होता रानरेड्यांच्या, म्हणजे अमेरिकन बायसनच्या कातड्यांचा. दोन-तीन वर्षांत शिकाऱ्यांनी आसपासचे कळपच्या कळप संपवले आणि कातड्यांचे ढीग रेल्वेने पूर्वेला गेले. ज्या आदिवासी जमातींचं पोट या जनावरांवर होतं त्यांच्याशी १८६७ मध्ये मेडिसिन लॉजचा करार झाला होता. त्यात नदीच्या दक्षिणेला शिकारीचा हक्क त्यांना दिलेला होता. डॉजहून निघणाऱ्या शिकाऱ्यांनी त्या कराराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मालिकेत हे फारसं दिसत नाही.

त्या पहिल्या वर्षात डॉजमध्ये ना नगरपालिका होती, ना शेरीफ, ना कोर्ट. वर्षभरात पंधराएक माणसं तरी मारली गेली. मुठीएवढं गाव ते! शेवटी व्यापाऱ्यांनी स्वतःच एक 'दक्षता समिती' काढली. म्हणजे गुंडांना आपणच धडा शिकवू, असा प्रकार. थोड्याच दिवसांत या समितीतच गुंड शिरले. १८७३ च्या जूनमध्ये त्यांनी विल्यम टेलर नावाच्या एका कृष्णवर्णीय माणसाला गोळ्या घालून मारलं. त्याचा दोष काहीच नव्हता, पण तो फोर्ट डॉजच्या कमांडरच्या नोकरीत होता. मग लष्कर गावात आलं, धरपकड झाली आणि समितीचा बाजार उठला. त्याच सुमारास फोर्ड काउंटीची रीतसर स्थापना होऊन चार्ली बॅसेट हा पहिला शेरीफ निवडून आला. पुढे १८७५ मध्ये गावाला नगरपालिका मिळाली.

इथे पदांचा घोळ थोडा निस्तरायला हवा. शेरीफ म्हटलं की आपल्याला मुंबईचे शेरीफ आठवतात, ब्रिटिशांनी आणलेलं आणि पुढे नुसत्या मानाचं उरलेलं पद. अमेरिकेत शेरीफ हा काउंटीचा, म्हणजे साधारण तालुक्या-जिल्ह्याचा, लोकांनी निवडून दिलेला पोलीसप्रमुख. सिटी मार्शल हा नगरपालिकेने नेमलेला गावचा फौजदार. आणि मॅट डिलनचं जे पद, युनायटेड स्टेट्स मार्शल, ते थेट राष्ट्राध्यक्ष सेनेटच्या संमतीने भरतात. तेव्हा अख्ख्या कॅन्सस राज्याला असा एकच मार्शल होता. तो डॉजसारख्या गावात खुर्ची टाकून दारुड्यांची भांडणं सोडवत बसणं शक्यच नव्हतं. मालिकावाल्यांनी तिन्ही पदं एकाच माणसाच्या छातीवर चिकटवली.

तर कातडी संपली आणि १८७६ च्या सुमारास गुरं आली. टेक्सासात चार-पाच डॉलरला मिळणारा बैल उत्तरेच्या बाजारात तीस-चाळीस डॉलरला जायचा. मग दोन-दोन हजार जनावरांचे कळप, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर या वेगाने, दोन-तीन महिने चालवत रेल्वेपर्यंत आणायचे. हे काम करणारी पोरं म्हणजे काऊबॉय. बहुतेक विशी-पंचविशीतली, त्यात कृष्णवर्णीय आणि मेक्सिकनही पुष्कळ. डॉजला पोचले की हातात पगार, समोर दारू, जुगार आणि बायका. गावाला ही पोरं हवीही होती आणि नकोही होती. हवी होती कारण सगळा धंदा त्यांच्या खिशावर चालायचा. नकोत कारण त्यांच्या कमरेला पिस्तूल असायचं.

यावर नगरपालिकेने काढलेला तोडगा फार साधा होता. गावात हत्यार बाळगायचं नाही. आल्यावर जमा करायचं, जाताना घेऊन जायचं. त्या काळातला डॉजच्या फ्रंट स्ट्रीटचा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात रस्त्याच्या मधोमध एका औषधाच्या जाहिरातीची पाटी आहे आणि तिच्यावरच मोठ्या अक्षरांत लिहिलंय की बंदूक बाळगण्यास सक्त मनाई. ज्या गावाच्या नावावर अमेरिकेचा बंदूकप्रेमी पुराणेतिहास उभा आहे, त्या गावाच्या भर चौकात बंदूकबंदीची पाटी! हा फोटो मी आजोबांना दाखवला तेव्हा ते नुसते मान हलवत म्हणाले, "लायसन्सचा कारकून कोण होता तेवढं बघ."

म्हणजे मार्शलचं खरं काम होतं दारू प्यायलेल्या पोरांकडून पिस्तूल काढून घेणं. ते सोपं नव्हतं. ९ एप्रिल १८७८ च्या रात्री सिटी मार्शल एड मास्टरसन जॅक वॅग्नर नावाच्या झिंगलेल्या काऊबॉयचं पिस्तूल काढून घ्यायला गेला. अगदी अंगाला अंग भिडलेल्या अंतरावरून गोळी सुटली. एड गेला, वॅग्नरही गेला. एडचं वय पंचविशीचं. त्याचाच धाकटा भाऊ बॅट मास्टरसन तेव्हा काउंटीचा शेरीफ होता. हा बॅट पुढे न्यू यॉर्कला जाऊन मुष्टियुद्धावर लिहिणारा पत्रकार झाला आणि १९२१ मध्ये वर्तमानपत्राच्या कचेरीत, आपल्या टेबलावरच वारला. आणि ज्याच्यावर सिनेमांमागून सिनेमे निघाले तो वायट अर्प डॉजमध्ये कधीच मुख्य मार्शल नव्हता, सहाय्यक होता. पगाराशिवाय दर अटकेमागे दोन डॉलर मिळायचे. उघडच आहे, मेलेल्या माणसाला अटक करता येत नाही. १८७८ च्या उन्हाळ्यात जॉर्ज हॉय नावाचा एक काऊबॉय पोलिसांच्या गोळीने जखमी होऊन पुढे मेला, पण ती गोळी अर्पचीच होती का, हेसुद्धा नक्की झालं नाही. अर्प १९२९ मध्ये वारला. १९३१ मध्ये स्टुअर्ट लेकने लिहिलेलं त्याचं चरित्र निघालं आणि तिथून दंतकथा सुरू झाली.

आणि ती रस्त्यातली समोरासमोरची लढत? ५ एप्रिल १८७९ ला खुद्द लाँग ब्रँच सलूनमध्ये फ्रँक लव्हिंग आणि लेव्ही रिचर्डसन यांची चकमक झाली. मिस किटी काल्पनिक असली तरी हे सलून खरं होतं. दोघे इतके जवळ की पिस्तुलं एकमेकांना टेकायची बाकी. स्टोव्ह आणि टेबलाभोवती पळत दोघांनी गोळ्या झाडल्या. रिचर्डसनच्या पाचही गोळ्या संपल्या, आणि लव्हिंगला झालं काय, तर हाताला ओरखडा! रिचर्डसन मात्र मेला. धूर, गोंधळ आणि नेम चुकणं, हे खरं 'गनस्मोक'.

आता आकड्यांकडे वळू. रॉबर्ट डिक्स्ट्रा या इतिहासकाराने १९६८ च्या 'द कॅटल टाउन्स' या पुस्तकात कॅन्ससच्या पाच गुरांच्या गावांची जुनी वर्तमानपत्रं चाळून खून मोजले. १८७० ते १८८५ या काळात पाचही गावं मिळून ४५. म्हणजे एका गावात एका हंगामात सरासरी दीड. एका वर्षात पाचाच्या वर कुठेही, कधीही नाही. ज्यांनी सिनेमे पाहिलेत त्यांना हा आकडा हास्यास्पद वाटेल, कारण डिलनच्या गावात बहुतेक भागांत कोणीतरी मरतंच.

पण इंजिनिअरला छेद बघितल्याशिवाय चैन पडत नाही. १८८० च्या आसपास डॉजची कायम वस्ती होती साधारण हजार. हजारामागे दीड म्हणजे लाखामागे दीडशे. भारतात २०२२ मध्ये हा दर लाखाला २.१ होता, अमेरिकेत त्याच वर्षी सहाच्या आसपास. मग डॉज शांत कसलं? रँडॉल्फ रॉथ या दुसऱ्या इतिहासकाराने हिशेब मांडलाय की १८७६ ते १८८५ ही सगळी वर्षं डॉजमध्ये राहणाऱ्या प्रौढ माणसाचा खून होण्याची शक्यता ६१ मध्ये १ होती. माझ्या वरच्या ढोबळ आकड्याने दहा वर्षांचा हिशेब केला तर ६७ मध्ये १ येतो, म्हणजे जुळतं. डिक्स्ट्राच्या बाजूचे लोक म्हणतात की इतक्या लहान गावाचा दर काढणं फसवं आहे. एक खून इकडचा तिकडे झाला की आकडा कुठल्या कुठे जातो. शिवाय उन्हाळ्यात येणारे काऊबॉय छेदात धरलेलेच नाहीत. तेही खरं. पण वस्ती दुप्पट धरली तरी लाखामागे पंचाहत्तर राहतातच.

मला वाटतं दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. दुकानदाराच्या नजरेने पाहिलं तर वर्षात दीड खून म्हणजे बहुतेक संध्याकाळी काहीच घडत नव्हतं. त्या गावात जन्म काढणाऱ्याच्या नजरेने ते गाव भयंकर होतं. पण महत्त्वाची गोष्ट या दोन्हींच्या पलीकडे आहे. कायद्याविना गेलेल्या पहिल्या वर्षात पंधरा, आणि नगरपालिका, कोर्ट, दंड, हत्यारबंदी आल्यावर सरासरी दीड. मॅट डिलन नसतानाही मधली घट झाली.

मग सगळं आलबेल होतं का? मुळीच नाही. ४ ऑक्टोबर १८७८ च्या पहाटे मेयर जेम्स केली यांच्या घरात गोळ्या शिरल्या. केली घरी नव्हते. तिथे झोपलेली डोरा हँड ही गायिका ठार झाली. संशयित स्पाइक केनेडी, केलींशी आधी भांडलेला, आणि टेक्सासातल्या मोठ्या गोठेमालकाचा मुलगा. बॅट मास्टरसन, अर्प, बॅसेट, टिल्घमन वगैरेंनी पाठलाग करून त्याला पकडलं; बॅटची गोळी त्याच्या दंडात लागली. इथे मालिका संपली असती. प्रत्यक्षात चौकशी झाली ती बंद खोलीत, आणि पुरावा अपुरा म्हणून केनेडी सुटला. डोराच्या अंत्ययात्रेला सगळं गाव लोटलं होतं म्हणतात. पाठलाग करणारे शूर होते, यात शंका नाही. पण नेम अचूक असणं आणि न्याय मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच हंगामात उलट गोष्टही घडली. सप्टेंबर १८७८ मध्ये उत्तर शायान जमातीची तीनशेच्या वर माणसं उपाशी ठेवणारी राखीव भूमी सोडून आपल्या मुलखाकडे निघाली. वाटेत कॅन्ससमध्ये लढाया आणि हत्या झाल्या. त्यांतले सात जण पकडून खटल्यासाठी डॉजला आणले. त्यांना आणणारा शेरीफ बॅट मास्टरसनच. गावात संताप एवढा की निकाल आधीच ठरलेला. पण वकिलांनी खटला लॉरेन्स या दूरच्या शहरात हलवून घेतला, आणि १८७९ मध्ये पुराव्याअभावी तो काढून टाकला गेला. जी 'पुराव्याअभावी' सुटका श्रीमंताच्या पोराला मिळाली तीच इथे सात निराधार कैद्यांनाही मिळाली. कायद्याची कागदपत्रं कंटाळवाणी असतात, पण कधीकधी अशी अवचित उपयोगी पडतात.

आणि या सगळ्या धिंगाण्याचा शेवट कोणी केला? एका गोचिडाने! टेक्सासची लांब शिंगांची गुरं स्वतः ठणठणीत असायची, पण ती जिथून जातील तिथली स्थानिक गुरं तापाने, लाल लघवी होऊन पटापट मरायची. शेतकरी हैराण झाले. कारण कोणालाच माहीत नव्हतं, पण संबंध दिसत होता. कॅन्ससच्या विधिमंडळाने टेक्सासच्या गुरांना बंदी असलेली रेषा नकाशावर आखली, आणि शेतकरी जसजसे पश्चिमेला सरकले तसतशी ती रेषाही सरकत गेली. अॅबिलीन गेलं, एल्सवर्थ गेलं, विचिटा गेलं. १८८५ मध्ये बंदी सगळ्या राज्याला लागू झाली आणि डॉजचा बाजार बसला. त्याच साली नोव्हेंबरमध्ये लाँग ब्रँच आगीत जळालं. एरवी १८८१ पासून कॅन्ससच्या राज्यघटनेतच दारूबंदी होती, ती डॉजने चार वर्षं सरळ धाब्यावर बसवली होती. गुरं गेल्यावर दारूही आटली. पुढे १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी सिद्ध केलं की हा ताप गोचिडातून पसरतो. सस्तन प्राण्यांचा रोग कीटकासारख्या जिवातून पसरतो याचा तो पहिला भक्कम पुरावा. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत मलेरियाचा डास पकडला तो त्यानंतर चार वर्षांनी.

डॉजला आता १९४७ पासून म्युझियम आहे, फ्रंट स्ट्रीटची लाकडी प्रतिकृती आहे, १९५८ मध्ये मालिकेच्या नावाने बदललेला 'गनस्मोक' रस्ता आहे. गावाबाहेर मात्र गुरांचे अफाट वाडे आणि मांसाचे कारखाने आहेत. वारा फिरला की वास गावभर. तिथे राबणारे बहुतेक मेक्सिको, ग्वाटेमाला अशा देशांतून आलेले, आणि निम्म्याहून जास्त गाव आता स्पॅनिश बोलणाऱ्यांचं आहे. गुरं, परका मजूर आणि रेल्वे. दीडशे वर्षांत मूळ धंदा तोच राहिलाय.

परतताना गाडीत एकच विचार घोळत होता. आपल्याकडेही 'एन्काउंटर' करणाऱ्या अधिकाऱ्यांवर सिनेमे निघतात आणि थिएटरात शिट्ट्या वाजतात. त्या शिट्ट्यांमागची चीड खरी असते. कोर्टाच्या तारखांनी पिचलेल्या माणसाला कोणीतरी दोन मीटर उंचीचा, कधीही न चुकणारा हवाच असतो. पण डॉजमध्ये तसा कोणी नव्हता. जे आपणहून तसे व्हायला गेले, त्या दक्षता समितीने विल्यम टेलरला मारलं. गाव सुधारलं ते हत्यार जमा करण्याच्या नियमाने, दंडाच्या पावत्यांनी आणि पिस्तूल काढून घ्यायला जाणाऱ्या एड मास्टरसनसारख्या पगारी माणसांनी.

परत आल्यावर आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी करून शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे कागद भरायचे ना ते?"

म्हटलं, "भरायचे. म्हणून तर डिक्स्ट्राला मोजता आले."

ते भलतेच खूश झाले. त्या दिवशीचा चहा त्यांनी केला.